पायांची पुण्याई

देहूहून निघालेली तुकोबारायांची पालखी बारामतीचा मुक्काम आटोपून काटेवाडीच्या रस्त्याला लागते, तेव्हा आभाळ बहुधा भरून आलेले असते. पाऊस पडेलच असे मात्र नसते. हा पर्जन्यछायेचा मुलूख आहे. काटेवाडीत परीट समाजाची मंडळी पालखीसमोर धोतरांच्या पायघड्या घालतात, धनगर बांधव आपल्या मेंढ्यांचे रिंगण धरतात. पुढे इंदापूर तालुक्याची हद्द लागते. सणसरचा मुक्काम होतो आणि बेलवाडीच्या मैदानावर गोल रिंगण रंगते. मध्यभागी पालखी, भोवती माणसांचे कडे, आणि त्या कड्यातून आधी पताकाधारी धावतात, मग डोईवर तुळस घेतलेल्या स्त्रिया, विणेकरी, आणि शेवटी अश्व.

ह्या रिंगणाच्या कडेला आम्ही एकदा उभे होतो. घोड्यांचे वेगवान फेरे पाहावेत म्हणून आम्ही गेलो होतो. परंतु मनात राहिल्या त्या तुळशीवाल्या स्त्रिया. त्यांतील कितीतरी जणी सत्तरीच्या घरात दिसत होत्या. एक हात डोईवरच्या तुळशीला, दुसरा लुगड्याच्या निऱ्यांना, आणि पाय धावत आहेत. ज्या वयात आपल्या घरात ‘आता तुम्ही बसून राहा’ असे माणसाला सांगितले जाते, त्या वयात ह्या माउल्या देहूपासून सव्वाशे-दीडशे किलोमीटर चालून आल्या होत्या आणि वर धावतही होत्या.

ह्याच मातीत २०१३ साली दुसरी एक धाव झाली आणि ती देशभर गाजली. बारामतीजवळच्या पिंपळी गावी राहणाऱ्या, साठी ओलांडलेल्या लता भगवान करे ह्या शेतमजूर बाईंनी बारामतीच्या मॅरेथॉन स्पर्धेत ज्येष्ठांच्या तीन किलोमीटरच्या गटात नाव दिले. त्या नऊवारी नेसून, अनवाणी धावल्या आणि पहिल्या आल्या. पुढील वर्षांतही त्या धावल्या आणि जिंकल्या. त्यांच्या जीवनावर २०२० साली मराठी चित्रपट निघाला, त्यात त्यांनी स्वतःचीच भूमिका केली आणि ६७ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्यांचा विशेष उल्लेख झाला. त्या का धावल्या, हे आता सर्वांना ठाऊक आहे. आजारी पतीच्या तपासण्यांसाठी त्यांना पैसे हवे होते.

एक धाव भक्तीची आणि दुसरी गरजेची. दोन्हींकडे पाहताना आमच्या मनात जो प्रश्न उभा राहिला, त्याचा मागोवा घेण्यासाठी हा लेख लिहीत आहोत. म्हातारपणी चालण्याधावण्याने आयुष्य खरोखर वाढते काय? आणि वाढत असेल, तर आयुष्यभर राबलेला आपला समाज दीर्घायुषी का झाला नाही?

चालणे हाच प्रपंच

पायी चालण्याला ‘व्यायाम’ हे नाव फार अलीकडे मिळाले. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी चालणे हा प्रपंचाचाच एक भाग होता. बाजाराला, दळणाला, लेकीच्या सासरी, कोर्टकचेरीला, सर्वत्र माणूस पायी जाई. पालखीची वाटही ह्याच जीवनातून निघाली. तुकाराममहाराजांचे धाकटे चिरंजीव नारायणमहाराज यांनी १६८५ साली पालखी सोहळ्याची प्रथा सुरू केली. प्रारंभी ज्ञानेश्वरमहाराज आणि तुकाराममहाराज यांच्या पादुका एकाच पालखीत असत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकर यांच्या पुढाकाराने माउलींचा सोहळा वेगळा झाला. माउली सातारा जिल्ह्यातून जाऊ लागले आणि तुकोबांची वाट बारामती-इंदापूरची राहिली. देहू ते पंढरपूर हे अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर. ते जवळजवळ तीन आठवड्यांत तोडले जाते. म्हणजे मुक्काम आणि विसावे धरून दिवसाची सरासरी बारा-तेरा किलोमीटर येते. वृद्धाला झेपेल आणि तरुणाला कंटाळा येणार नाही, असा हा हिशेब शेकडो वर्षांच्या अनुभवाने बसलेला आहे.

ह्या वारीचे मोल अभ्यासकांनीही ओळखले. समाजशास्त्रज्ञ इरावती कर्वे माउलींच्या पालखीबरोबर चालल्या आणि ‘वाटचाल’ हा लेख लिहून गेल्या. पुण्यात राहिलेले फ्रेंच येशूसंघीय धर्मगुरू गी दलरी यांचा विठोबाच्या भक्तिसंप्रदायावरील इंग्रजी ग्रंथ डेक्कन कॉलेजने १९६० साली प्रसिद्ध केला. एका ख्रिस्ती धर्मगुरूने वारीकडे इतक्या आस्थेने पाहावे, ह्याचा आम्हाला आनंद वाटतो.

इरावतीबाईंचे सासरे महर्षी धोंडो केशव कर्वे हे तर चालण्याचे चालतेबोलते उदाहरण होते. किशोरवयात परीक्षेला बसण्यासाठी ते मित्रांसमवेत कोकणातील मुरूडहून घाट चढून साताऱ्यापर्यंत पायी गेले. शंभराहून अधिक मैलांची ही वाट तुडवून पोहोचल्यावर, वयाने लहान दिसतो म्हणून त्यांना परीक्षेस बसू दिले नाही. पुढे हिंगण्याच्या माळावर विधवांसाठी आश्रम काढला, तेव्हा फर्ग्युसन महाविद्यालयातील अध्यापन संपवून ते पुण्याहून पायी हिंगण्यास जात. पावसाळ्यात चिखल तुडवीत जात. १८५८ साली जन्मलेले अण्णा १९६२ साली, वयाच्या १०४ व्या वर्षी निवर्तले. विनोबा भावे यांनी १९५१ साली पोचमपल्ली येथून भूदानाची पदयात्रा आरंभिली, तेव्हा त्यांनी वयाची पंचावन्न वर्षे ओलांडली होती आणि प्रकृती नाजूक होती. तरीही ते वर्षानुवर्षे देशभर चालत राहिले.

अशी उदाहरणे वाचली की चालणारा दीर्घायुषी होतो असा सिद्धांत मांडण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. कारण ह्याच बारामती-इंदापूरच्या इतिहासात चालण्याची दुसरी कथाही आहे.

१८७६ ते १८७८ ह्या काळातील भीषण दुष्काळात तेव्हाच्या भीमथडी आणि इंदापूर तालुक्यांना जबर तडाखा बसला. बारामती त्या भीमथडीत येई. सरकारने दुष्काळी कामे काढली. परंतु मदत घेणारा खरोखरच गरजू आहे की नाही हे ठरविण्यासाठी कसोट्या लावल्या गेल्या. त्यांतील एक कसोटी अंतराची होती. घरापासून दूरच्या, कधी दहा मैल व त्याहून लांबच्या कामावर जाण्याची ज्याची तयारी, तो खरा गरजू! भुकेल्या माणसाने अन्नासाठी चालून दाखवावे, अशी ती परीक्षा. त्या काळी हिंदुस्थानात जन्मलेल्या मुलाचे सरासरी आयुर्मान पंचवीस वर्षांच्या आसपास होते. चालणे तर घराघरांत होते, आयुष्य नव्हते. पाळण्यातील मृत्यू, पटकी, देवी, पुढे प्लेग आणि पुन्हापुन्हा येणारी उपासमार ह्यांच्यापुढे पायांचे बळ काय करणार? पंढरीच्या यात्रेतही एकोणिसाव्या शतकात पटकीच्या साथी येत.

त्या दुष्काळानंतर नीरेचा डावा कालवा निघाला आणि एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात त्याचे पाणी ह्या भागात खेळू लागले. ऊस आला. विसाव्या शतकात वालचंदनगर, भवानीनगर, माळेगाव येथील साखर कारखाने उभे राहिले. १९७२ च्या दुष्काळात पुन्हा खडी फोडण्याची आणि पाझर तलावांची कामे निघाली. सुकडी आणि मिलोची आठवण सांगणारी माणसे अजून आहेत. आज भारताचे सरासरी आयुर्मान सत्तर वर्षांच्या आसपास आले आहे. ही वाढ चालण्याने झाली नाही. ती लसींनी, शुद्ध पाण्याने, धान्याने, सुरक्षित बाळंतपणाने आणि औषधांनी झाली. हा हिशेब आधी मान्य केला पाहिजे. त्यानंतरच पुढचा प्रश्न विचारता येतो: जी वर्षे आता हाती आली, ती कशी जावीत?

लंडनच्या बसमधील जिना

ह्या प्रश्नाला शास्त्रीय उत्तर मिळण्यास दुसऱ्या महायुद्धानंतरचा काळ उजाडावा लागला. लंडनमधील जेरेमी मॉरिस या डॉक्टरांनी आपल्या सहकाऱ्यांसह १९५३ साली ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय साप्ताहिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. लंडनच्या दुमजली बसगाड्यांवर दोन माणसे काम करीत. चालक दिवसभर आसनावर बसून राही. वाहक तिकिटे देत दिवसभरात शेकडो पायऱ्या चढे-उतरे. दोघांचे गाव एक, खाते एक, वर्गही साधारण एकच. तरी वाहकांमध्ये हृदयविकार कमी आढळला आणि ज्यांना झाला त्यांनाही तो उशिरा व कमी घातक स्वरूपात झाला. बसून काम करणारे टपाल खात्यातील कारकून आणि हिंडून पत्रे वाटणारे पोस्टमन यांच्यातही असाच फरक दिसला.

आमच्या वाचकांनी बारामतीच्या बसस्थानकावर उभे राहून आपल्या एस.टी.चा चालक आणि वाहक ह्यांच्याकडे पाहावे. आपल्या गाडीत जिना नाही, परंतु मुद्दा ध्यानात येईल.

मॉरिस यांचा खरा मोठेपणा पुढच्या पावलात आहे. आपलाच निष्कर्ष त्यांनी तपासला. कर्मचाऱ्यांना मिळणाऱ्या गणवेशाच्या मापांच्या नोंदी त्यांनी पाहिल्या, तेव्हा चालकांच्या विजारींचा कमरेचा घेर वाहकांपेक्षा मोठा असल्याचे दिसले, आणि नोकरीच्या आरंभापासूनच हा फरक होता. म्हणजे बसून राहण्याने माणूस स्थूल झाला, की मुळात स्थूल असलेला माणूस बसण्याच्या कामाला गेला? हा प्रश्न ह्या संपूर्ण विषयाचा कणा आहे. निरोगी माणूस चालतो म्हणून चालणारे निरोगी दिसतात, की चालल्याने माणूस निरोगी होतो? मॉरिस पुढे अनेक वर्षे हे कोडे सोडवीत राहिले. ते स्वतः नियमाने व्यायाम करीत आणि २००९ साली, वयाच्या ९९ व्या वर्षी वारले.

अमेरिकेत राल्फ पाफेनबार्गर यांनी हार्वर्ड विद्यापीठाच्या जवळजवळ सतरा हजार माजी विद्यार्थ्यांचा मागोवा घेतला. १९८६ साली त्यांनी निष्कर्ष मांडला की चालणे, जिने चढणे आणि खेळणे यांत आठवड्याला दोन हजार उष्मांकांहून अधिक शक्ती खर्च करणाऱ्यांचे मृत्यूचे प्रमाण इतरांपेक्षा पाव ते एक-तृतीयांशाने कमी होते. ऐंशी वर्षांच्या वयापर्यंत ह्याचा लाभ मोजला, तर तो एक ते दोन वर्षांहून थोडा अधिक इतका भरला. शंभर वर्षे जगविणारा हा मंत्र नव्हे. एक-दोन वर्षांची भर आहे.

कष्ट आणि व्यायाम

येथे ग्रामीण वाचक साहजिकच विचारील, ‘फादर, आम्ही तर जन्मभर राबलो. मग आमचे गुडघे का गेले, आणि शहरात सकाळी फिरणारे पेन्शनर ताजेतवाने कसे?’

ही शंका रास्त आहे, आणि संशोधकही तिच्यापाशी येऊन थांबले आहेत. डेन्मार्कमधील अभ्यासकांनी गेल्या काही वर्षांत ह्या विसंगतीकडे लक्ष वेधले. फुरसतीच्या वेळी स्वेच्छेने केलेली हालचाल हृदयाला हितकर ठरते; परंतु पोटासाठी केलेले जड अंगमेहनतीचे काम तसे ठरत नाही. २०१८ साली अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा जड अंगमेहनतीची कामे करणाऱ्या पुरुषांमध्ये अकाली मृत्यूचा धोका बेताचे काम करणाऱ्यांहून १८ टक्क्यांनी अधिक आढळला. स्त्रियांमध्ये तसे दिसले नाही. ह्यात गरिबी, तंबाखू, अपुरे औषधपाणी यांचा वाटा किती, ह्याविषयी मतभेद आहेत आणि वाद संपलेला नाही. तथापि मूळ गोष्ट समजण्यास अवघड नाही. व्यायामात माणूस थकला की थांबतो. त्याला विश्रांती असते, घोटभर पाणी असते, रात्रीची झोप असते. मजुराला थांबता येत नाही.

हिवाळा सुरू झाला की बीडकडून, मराठवाड्यातून ऊसतोडीच्या टोळ्या ह्या कारखान्यांच्या परिसरात उतरतात. पहाटेपासून कोयता चालतो, डोक्यावर मोळ्या चढतात, बैलगाडी भरते. त्या माणसाला ‘रोज दहा हजार पावले चाला’ असा उपदेश करणे ही क्रूर थट्टा ठरेल. त्याला विसावा हवा, दवाखाना हवा, म्हातारपणी चार पैसे हवेत.

म्हणूनच लताबाईंच्या धावण्याचे गुणगान करताना आम्ही थोडे थबकतो. त्यांच्या जिद्दीपुढे नतमस्तक व्हावे, यात शंका नाही. आयुष्यभर शेतात राबलेल्या पायांनी त्या दिवशी साथ दिली, हेही खरे. परंतु पतीच्या तपासणीसाठी साठी उलटलेल्या स्त्रीला शर्यत जिंकावी लागते, ही गोष्ट समाजाने अभिमानाने सांगावी अशी नाही. आपण टाळ्या वाजवितो आणि त्या टाळ्यांच्या आवाजात दुसरा प्रश्न बुडून जातो: त्या दुसऱ्या आल्या असत्या तर? १८७७ च्या दुष्काळात भुकेल्यांना चालावयास लावणारी कसोटी आणि २०१३ ची ही शर्यत यांत अंतर पुष्कळ आहे. शर्यतीत कोणी सक्ती केली नव्हती. उलट गौरवच झाला. पण दोन्हीकडे गरजेनेच पायांना हाक दिली, हे विसरता येत नाही.

बेलवाडीच्या रिंगणात धावणाऱ्या माउलीची गोष्ट येथे वेगळी होते. तीही बहुतेक वेळा कष्टकरीच असते; घरी खुरपणी आणि धुणीभांडी सुटलेली नसतात. पण वारीत ती आपल्या इच्छेने चालते. दिंडीत तिला नाव आहे, जागा आहे, सोबत आहे. ती मागे पडली तर कोणीतरी थांबते. दुपारी विसावा आहे, पंगत आहे, रात्री कीर्तन आहे. शरीराच्या हालचालीला लागणारी सर्व पथ्ये त्या दिंडीत आपोआप पाळली जातात.

वर्षे की बळ?

आता उतारवयाविषयी. बहुतेकांची समजूत अशी असते की तरुणपणी कमावले ते कमावले. सत्तरीनंतर हातपाय हलवून काय उपयोग? ही समजूत १९९० साली अमेरिकेत मोडीत निघाली. मारिया फियातारोने या डॉक्टरांनी एका वृद्धाश्रमातील नव्वदीच्या आसपासच्या दहा दुर्बळ व्यक्तींना आठ आठवडे पायांच्या स्नायूंसाठी वजनाचा व्यायाम दिला. ज्या नऊ जणांनी तो पूर्ण केला, त्यांच्या पायांतील शक्ती सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदाव्या वर्षीदेखील स्नायू शिकविलेले शिकतो, हे ह्यातून कळले.

२०१४ साली अमेरिकेतच सत्तर ते एकोणनव्वद वयाच्या १,६३५ स्त्री-पुरुषांवरील प्रयोगाचे निष्कर्ष आले. ही सारी बैठी माणसे होती. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट पाडले. एका गटाला चालणे आणि थोडा स्नायूंचा व तोलाचा व्यायाम. दुसऱ्याला आरोग्यविषयक वर्ग. सुमारे अडीच वर्षांनंतर, चारशे मीटर चालण्याची शक्ती गमावण्याचा धोका पहिल्या गटात १८ टक्क्यांनी कमी भरला. येथे मॉरिस यांचे जुने कोडे आड येत नाही. कोण कोणत्या गटात जाणार हे माणसाने नव्हे, चिठ्ठीने ठरविले होते.

२०१९ साली आय-मिन ली यांनी सरासरी बहात्तर वर्षांच्या १६,७४१ स्त्रियांची पावले मोजली. दिवसाला सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांच्या तुलनेत ४,४०० पावले चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी होते. ७,५०० च्या पुढे मात्र लाभ वाढताना दिसला नाही. दहा हजार पावलांचा जो आकडा सर्वत्र ऐकू येतो, त्याचा उगम १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकावयास आलेल्या पावले मोजण्याच्या एका यंत्राच्या नावात आहे. वृद्धांनी त्या आकड्याची धास्ती घेऊ नये.

आणि ज्या अभ्यासाने आम्हाला सर्वांत अधिक विचार करावयास लावले, तो नॉर्वेतील. त्रोन्हाइम येथे सत्तर ते सत्त्याहत्तर वयाच्या दीड हजारांहून अधिक माणसांवर पाच वर्षे प्रयोग चालला. २०२० साली निष्कर्ष आला: देखरेखीखाली व्यायाम केलेल्या आणि केवळ सर्वसाधारण सल्ला मिळालेल्या गटांत मृत्यूच्या प्रमाणात लक्षणीय फरक नव्हता. ती सारीच माणसे बऱ्यापैकी हिंडतीफिरती होती, हे त्याचे एक कारण असावे. तरी धडा घेण्यासारखा आहे. व्यायाम मृत्यूशी करार करीत नाही. आयुष्य किती वाढेल, याची हमी कोणी देऊ शकत नाही. ज्याची आशा अधिक भक्कम आधारावर धरता येते, ते निराळे आहे: आपल्या पायांनी उठणे, न पडणे, न्हाणीघरापर्यंत स्वतः जाणे, दाराशी आलेल्या माणसाला उठून दार उघडणे. वर्षांपेक्षा बळाचे हे देणे आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली पासष्टीपुढील माणसांसाठी जे सांगितले ते साधे आहे. आठवड्यात दीडशे ते तीनशे मिनिटे मध्यम वेगाची हालचाल, दोन दिवस स्नायूंचे बळ वाढविणारा व्यायाम, तीन दिवस तोल सांभाळण्याचा सराव. आणि ज्याला इतके जमत नसेल त्याने जमेल तितके करावे. हृदयविकार, चक्कर किंवा सांधेदुखी असलेल्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच आरंभ करावा, हे सांगणे न लगे.

अंगणातील खुर्ची

शेवटी आमच्याच एका चुकीची कबुली. काही वर्षांपूर्वी आम्ही एका खेड्यावजा धर्मग्रामात होतो. तेथील एक वयोवृद्ध आजी रोज पहाटे दीड मैल चालून मिस्साला येत. परसातली जास्वंद, कधी अनंताची फुले वेदीसाठी आणीत. पावसाळ्यात एके दिवशी त्या चिंब भिजून आल्या, आणि आमच्याने राहवले नाही. आम्ही म्हणालो, ‘आजी, ह्या वयात एवढी पायपीट कशाला? उद्यापासून रिक्षा तुमच्या दाराशी येईल.’ त्या म्हणाल्या, ‘फादर, पाय चालतात तोवर चालू द्या की.’ आम्ही ऐकले नाही. रिक्षा सुरू झाली. त्यांच्या मुलाने आमचे आभार मानले आणि अंगणात त्यांच्यासाठी एक प्लास्टिकची खुर्ची आणून ठेवली.

वर्षभरात रिक्षातून उतरताना त्यांना हात द्यावा लागू लागला. पुढे येणे कमी झाले, मग बंद झाले. आम्ही पवित्र कम्युनियन घेऊन घरी जाऊ लागलो, तेव्हा एक गोष्ट उशिरा समजली. त्या दीड मैलाच्या वाटेवर आजी तीन घरांशी थांबत असत. एका घरी पाणी पीत, दुसऱ्या घरी तान्ह्या बाळाला घेत, तिसऱ्या घरातील आजारी बाईची विचारपूस करीत. रिक्षाने ती तिन्ही दारे बंद केली होती. रिक्षामुळेच आजी खचल्या, असे म्हणण्याचा आम्हाला अधिकार नाही. वय होते, आजार होता. वर सांगितलेले मॉरिस यांचे कोडे येथेही लागू पडते. परंतु त्यांना एक छत्री द्यावी आणि कोणातरी मुलाला सोबत पाठवावे, हे आम्हाला सुचले नाही, ही बोचणी आहे.

आपल्या कुटुंबांतून हेच घडते, आणि ते प्रेमापोटी घडते. सून म्हणते, ‘आई, तुम्ही बसा, मी करते.’ नातू पाण्याचा पेला हातात आणून देतो. त्यात आदर आहे; परंतु बसवून ठेवण्यालाच आदर समजले, तर ज्यांना आपण जपतो त्यांचेच बळ आपण काढून घेतो.

दुसरी बाजू रस्त्याची. पंजाबात जन्मलेले आणि इंग्लंडमध्ये स्थायिक झालेले फौजा सिंग एकोणनव्वदाव्या वर्षी मॅरेथॉन धावू लागले आणि शंभरी गाठल्यावरही धावले. जुलै २०२५ मध्ये, वयाची ११४ वर्षे झालेली असताना जालंधरजवळच्या आपल्या गावी रस्त्यावर चालताना मोटारीची धडक बसून त्यांचा मृत्यू झाला. वयाने जे साधले नव्हते ते एका मोटारीने केले. वृद्धांनी चालावे असे म्हणणाऱ्याने ते कोठे चालणार, ह्याचाही विचार केला पाहिजे. २०२१ साली पालखी मार्गाच्या चौपदरीकरणाची पायाभरणी झाली, तेव्हा मार्गाच्या दोन्ही बाजूंना पायी चालणाऱ्यांसाठी स्वतंत्र वाट ठेवण्याची योजना जाहीर झाली. योजना स्तुत्य आहे. पण वारी वर्षातून काही दिवसांची. म्हातारी माणसे बारा महिने चालतात. बारामतीत असो, इंदापुरात असो वा आपल्या धर्मग्रामात, पदपथावरील टपऱ्या व दुचाक्या हटल्या, दर काही अंतरावर टेकायला बाक असला, संध्याकाळी दिवा असला, तर वृद्धांच्या आरोग्यासाठी पुष्कळ काही साधेल.

आमच्या धर्मग्रामांतून ह्याचा आरंभ करणे कठीण नाही. सकाळच्या मिस्सानंतर चार वृद्धांनी मिळून मंदिराच्या आवाराला दोन फेऱ्या माराव्यात. युवक-युवतींनी आठवड्यातून एकदा शेजारच्या आजी-आजोबांना चालत घेऊन यावे, वाहनातून नव्हे. ज्यांना वाहनावाचून गत्यंतर नाही, त्यांना वाहन मिळालेच पाहिजे. आणि जे पोटासाठी अजून राबत आहेत, त्यांना चालण्याचा उपदेश न करता त्यांचे ओझे थोडे हलके करावे.

हा अंक हाती पडेल त्या संध्याकाळी वाचकांनी आपल्या घरातील ज्येष्ठांना एवढेच म्हणून पाहावे, ‘चला, कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ.’ त्यांच्या पावलाने चालावे. वाटेत ते कोणाच्या दाराशी थांबले, तर घाई करू नये.